उन्हातले चेहरे : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतली आहेत, आणि तक्रार जवळपास एकच आहे : भर दुपारी माणसाचा फोटो काढला की चेहरा बिघडतो. लग्नं, आखाजी (अक्षय्य तृतीया), शेतातली कामं, खान्देशात माणसं जमतात ती ऐन उन्हातच. त्यामुळे ‘सकाळी लवकर काढा’ एवढं सांगून कुणाचं भागणार नाही. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : नुकताच एक जुना डीएसएलआर घेतला. सोबत १८-५५ ची लेन्स आणि ५० मिमीची एफ १.८ लेन्स आहे. केळीच्या बागेत दुपारी बाराला भावाचे फोटो काढले, तर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे आणि कपाळ-नाक पांढरंफटक. शिवाय चेहऱ्यावर हिरवट झाक. कोणतं सेटिंग चुकलं? (एक वाचक, रावेर तालुका)

सेटिंगला दोष देऊ नका. गडबड भावाला उभं केलं त्या जागेत आहे. बारा-साडेबाराला ऊन सरळ टाळूवर येतं. भुवईचं हाड डोळ्यांवर सावली टाकतं, नाक ओठांवर आणि हनुवटी गळ्यावर. कपाळावरचा उजेड आणि भुवईखालच्या खोबणीतला उजेड यांत तीन स्टॉपचा फरक सहज पडतो. एक स्टॉप म्हणजे दुप्पट, तीन स्टॉप म्हणजे आठपट. एक्सपोजर (फोटोत घेतलेला एकूण उजेड) वाढवलं की डोळे उजळतात पण कपाळ जळतं, कमी केलं की कपाळ वाचतं पण डोळे बुडतात. आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता), शटर (उजेड किती सेकंद आत येतो ते), अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र, एफचा आकडा लहान तितकं ते मोठं), काहीही फिरवलं तरी दोन्ही एकदमच वर-खाली होतात. म्हणून आधी उजेड कुठून येतो ते बदलायचं आणि मग कॅमेऱ्याला हात लावायचा.

जागा शोधायची एक साधी परीक्षा आहे. हाताची मूठ चेहऱ्याच्या उंचीवर समोर धरा, बोटं स्वतःकडे. ही मूठ म्हणजे समोरच्या माणसाचा चेहरा समजा. आता जागेवरच हळूहळू गोल फिरा आणि बोटांमधल्या खाचा पाहत राहा. खाचा काळ्या दिसतात त्या दिशेला चेहराही तसाच दिसेल. खाचांमध्ये उजेड शिरलेला दिसला की थांबा, माणूस तिथे उभा करा आणि त्याचं तोंड तुमच्याकडे ठेवा.

दुपारी अशी जागा बहुधा छताच्या कडेला सापडते. घराचा ओटा, पडवी, गोठा, शेतातली पंपाची खोली, पत्र्याचं शेड, काहीही चालेल. माणसाला सावलीच्या कडेपासून दोन-तीन फूट आत घ्या आणि तोंड बाहेर, उन्हाच्या मोकळ्या जागेकडे करा. वरचा उजेड छत अडवतं. समोरचं आकाश आणि उन्हात तापलेली जमीन यांचा उजेड समोरून, पसरून येतो आणि डोळ्यांत छोटीशी चमक दिसते. ही चमक दिसली नाही तर माणूस जास्त आत गेला आहे, त्याला एक पाऊल पुढे घ्या. पायाची बोटं सावलीच्या रेषेजवळ आली तरी हरकत नाही, पण नाकाच्या टोकावर उन्हाचा ठिपका पडता कामा नये.

समोरची जमीन कोणती आहे याने खूप फरक पडतो. सिमेंटचं अंगण किंवा चुन्याची भिंत भरपूर उजेड परत फेकते. आपली काळी माती तो बहुतेक गिळून टाकते. रंगवलेली भिंत स्वतःचा रंग चेहऱ्याला लावते. फोटो काढणारा उन्हात, अगदी समोर उभा असतो, त्यामुळे त्याचा सदराही यात मोजायचा. पांढरा सदरा घातला तर आयता फायदा होतो, लाल टी-शर्ट असेल तर समोरच्याच्या हनुवटीखाली लाली येते.

आता सेटिंग. अशा सावलीत आयएसओ २००, एफ ४ आणि शटर १/२५० पासून सुरुवात करा, उजेड जास्त वाटला तर १/४०० करा. ५० मिमीने कमरेपासून वरचा फोटो हवा असेल तर सहा-सात फुटांवर उभे राहा. १८-५५ वापरत असाल तर ५५ वर ठेवा. १८ वर ठेवून जवळ गेलात की नाक मोठं आणि कान लहान दिसतात. फोकस जवळच्या डोळ्यावर.

एफ १.८ चा मोह उन्हात आवरा. कडक उन्हात आयएसओ १०० ला एफ १६ आणि सुमारे १/१०० शटर बरोबर बसतं. हाच हिशेब एफ १.८ पर्यंत नेला तर शटर १/८००० च्या आसपास लागतं. सुरुवातीच्या बहुतेक डीएसएलआरचं शटर १/४००० वर संपतं, म्हणून फोटो कितीही केलं तरी जळालेलाच येतो.

हिरव्या झाकेचं कारण केळीची पानं. ती मोठी आणि पातळ असतात, ऊन त्यांतून गाळून हिरवं होऊन खाली उतरतं. दोन ओळींच्या मधे उभं राहिलं तर चारही बाजूंनी हिरवाच उजेड येतो. ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप जुळवणारी कॅमेऱ्याची सोय) चेहरा सुधारायला जातो आणि मग पांढरा सदरा गुलाबी दिसायला लागतो. भावाला बागेच्या आत न नेता कडेला, बांधावर आणा. तिथे सावली पडत असेल ती बाजू निवडा आणि पानं त्याच्या पाठीमागे दहा-बारा फुटांवर राहू द्या. समोर पांढरी चादर धरली तर उरलेली झाकही जाते. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) फोटो काढत असाल तर पहिल्या फोटोत हातात कोरा पांढरा कागद धरायला सांगा, नंतर संगणकावर त्यावरून रंग जुळवता येतो. पानांवरची पांढरी चकाकी घालवायला पोलरायझर हा फिल्टर उपयोगी पडतो, मात्र तो एक ते दोन स्टॉप उजेड खातो. एकदम सुरुवातीला त्यावर पैसे घालू नका.

प्रश्न : रिफ्लेक्टर (चेहऱ्यावर उजेड परत फेकणारा फलक) विकत घ्यायचा की घरचं काही चालतं? तो धरायचा कसा? माझ्या फोटोंत सगळ्यांचे डोळे बारीक होतात. (एक वाचक, भुसावळ)

घरचं उत्तम चालतं. दोन बाय तीन फुटांचा थर्माकोलचा तुकडा हा शिकणाऱ्यासाठी सगळ्यात चांगला रिफ्लेक्टर आहे. वजन नाही, रंग शुद्ध पांढरा आणि उजेड मऊ. मोठा हवा असेल तर बाज उभी करून तिच्यावर धुतलेली पांढरी चादर ताणून बांधा. चादर मळकी असेल तर चेहरा पिवळट येतो.

डोळे बारीक होण्याचं कारण बहुतेक वेळा विकतच्या रिफ्लेक्टरची चंदेरी बाजू जवळून धरणं हे असतं. चंदेरी पृष्ठभाग आरशासारखा झोत मारतो, तो आठ-दहा फुटांवरून वापरा. पांढरा तीन-चार फुटांपर्यंत आणा. उंची छातीएवढी आणि तोंड किंचित वर. जमिनीवर ठेवून सरळ वर उजेड मारला तर हनुवटी आणि नाकाच्या खालची बाजू उजळते, भुवईच्या वर सावली जाते आणि चेहरा भीतिदायक दिसतो. धरणाऱ्याला हळूहळू कोन बदलायला सांगा, तुम्ही फक्त डोळ्यांकडे पाहा. भुवईखालची सावली निवळली की तिथेच थांबवा. सोनेरी बाजू दुपारी वापरू नका, सावळ्या त्वचेवर तो पिवळेपणा हळदीसारखा दिसतो.

सावली अजिबातच नसेल तर उलट बाजूने विचार करा : वरचं ऊन गाळा. पातळ पांढरं मलमल तीन बाय सहा फुटांच्या बांबूच्या चौकटीवर ताणून दोन माणसांनी डोक्याच्या दोन फूट वर धरायचं. चौकट जितकी जवळ, तितका उजेड मऊ. कापड एक ते दोन स्टॉप उजेड अडवतं, म्हणून चेहऱ्याला एक्सपोजर लावलं की मागचं उन्हातलं शेत तेवढंच जास्त उजळ दिसतं. मागे गडद झाडी किंवा सावलीतली भिंत घेतली तर हा त्रास होत नाही. वारा सुटला की चौकट पतंगासारखी उडते, तेव्हा ती आडवी धरण्याचा हट्ट सोडा आणि ओट्याचा आसरा घ्या.

प्रश्न : आखाजीला माहेरी आलेल्या बहिणींचे निंबाच्या झाडाखाली झोक्यावर फोटो काढते. मोबाइल आहे, कॅमेरा नाही. चेहऱ्यावर पांढरे डाग येतात आणि मोबाइल मधेच बंद पडतो. (एक वाचक, अमळनेर)

ते डाग म्हणजे कवडसे. निंबाची पानं बारीक, त्यांच्या फटींतून ऊन ठिपक्याठिपक्यांनी खाली येतं. प्रत्येक ठिपका कडक उन्हाचाच असतो आणि त्याच्या भोवती सावली. मोबाइल सावलीला बेतून एक्सपोजर धरतो, त्यामुळे ठिपके पांढरे होतात. आंबा, वड, जांभूळ यांची सावली दाट असते, पण झोका जिथे आहे तिथेच असणार, म्हणून निंबाशीच जुळवून घेऊ या.

झोका बांधायच्या आधी झाडाखाली दहा मिनिटं घालवा. बुंध्याजवळ जाड फांद्यांखाली सावली सगळ्यात दाट असते. झोक्याची फेरी दोन्ही टोकांना क्षणभर थांबते. त्या क्षणी वेग शून्य असतो, चेहरा हलत नाही आणि साडीचा पदर मात्र उडत असतो. ज्या टोकाला चेहरा दाट सावलीत येतो ते टोक निवडा. मोबाइलचं बटण दाबून धरून सलग फोटो काढा, पाच-सात फेऱ्यांत एक-दोन नेमके मिळतात.

टिपण्याआधी थांबलेल्या झोक्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्सपोजर तिथे कुलूपबंद होतं. शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह दिसतं, ते थोडं खाली ओढा. चेहरा किंचित गडद आला तर नंतर उजळता येतो, जळलेला कवडसा काही केल्या परत येत नाही. पोर्ट्रेट मोड झोक्यावर वापरू नका. दोर, मोकळे केस आणि बांगड्या त्याला नीट कापता येत नाहीत, अर्धा दोर धूसर होतो. साधा मोड, दुप्पट झूम आणि सात-आठ फुटांचं अंतर ठेवा.

मोबाइल उष्णतेने बंद पडतो. तो सतत उन्हात धरल्याने, स्क्रीन पूर्ण उजेडावर असल्याने आणि व्हिडिओमुळे तापतो. कव्हर काढा, फोटोंच्या मधल्या वेळात सावलीत ओल्या फडक्याशेजारी ठेवा, फडक्यावर नको. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. लेन्सही पुसून घ्या. घामाच्या बोटांचा डाग असला की उन्हातला प्रत्येक फोटो दुधाळ येतो, आणि हे कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : दुपारचं ऊन टाळायचं तर नेमकं किती ते किती? वर्षभर एकच नियम आहे का? (एक वाचक, शहादा)

घड्याळापेक्षा स्वतःची सावली पाहा. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असली म्हणजे सूर्य ४५ अंशांच्या वर आहे. जळगावच्या आसपास मेच्या अखेरीला सकाळी सव्वानऊ ते दुपारी पावणेचारपर्यंत सावली आखूडच राहते. साडेबाराच्या आत-बाहेर सूर्य जवळपास थेट डोक्यावर येतो आणि सावली पायांखाली गडप होते.

डिसेंबरात चित्र अगदी वेगळं असतं. सारंगखेड्याच्या (नंदुरबार जिल्ह्यातल्या घोडेबाजाराच्या) यात्रेच्या दिवसांत भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला साधारण ४५ अंशांवरच असतो आणि सावली माणसाच्या उंचीइतकी पडते. स्टुडिओत मुख्य दिवा ज्या कोनात ठेवतात तोच हा कोन. घोडेवाल्याचा चेहरा उन्हाच्या रेषेपासून थोडा वळवला, गालावर नाकाची छोटी तिरपी सावली आली, की यात्रेत दुपारी बाराला उत्तम फोटो होतो. त्यामुळे ‘दुपार वाईट’ हा मेचा नियम हिवाळ्याला लावून संधी घालवू नका.

आणखी एक उपयोगी गोष्ट. हिवाळ्यात इमारतीच्या उत्तरेला दुपारी हमखास सावली मिळते. पण मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य आपल्याकडे दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेला सरकतो, तेव्हा तीच भिंत ऊन खाते.

प्रश्न : उन्हात फ्लॅश वापरायला सांगतात. मी बाहेरचा फ्लॅश घेतला, पण कधी अर्धा फोटो काळा, कधी सगळा पांढरा येतो. (एक वाचक, धुळे)

अर्ध्या काळ्या फोटोचं कारण शटर. शटरला दोन पडदे असतात. ठरावीक वेगापर्यंत, बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५०, पहिला पडदा पूर्ण उघडतो आणि मग दुसरा निघतो. मधल्या क्षणी फ्लॅश चमकला तर पूर्ण फोटोवर उजेड पडतो. त्याहून वेगवान शटरला दोन्ही पडदे एकामागोमाग धावतात आणि मधे फक्त फट राहते. फ्लॅशचा उजेड त्या फटीतून गेला तेवढाच पट्टा उजळतो.

म्हणून शटर १/२०० वर ठेवा. आयएसओ १०० ला उन्हाच्या हिशेबाने एफ ११ लागेल. पांढरा फोटो येतो तो यामुळे : शटर १/२०० वर बांधलं, पण अ‍ॅपर्चर एफ ४ वरच राहिलं, म्हणजे तीन स्टॉप जास्त. एफ ११ ला मात्र फ्लॅशला जोर लावावा लागतो. समजा फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, म्हणजे गाइड नंबर, मीटरमध्ये ४० आहे, तर पूर्ण ताकदीत ४० भागिले ११, म्हणजे साडेतीन मीटरच्या थोडं पुढे पोचतो. आपल्याला उन्हाशी बरोबरी करायची नाही, फक्त भुवईखालची सावली भरायची आहे. दीड-दोन मीटरवरून पाव ताकदीने सुरुवात करा. चेहरा मेणासारखा सपाट झाला तर ताकद त्याच्याही निम्मी, म्हणजे एक-अष्टमांश करा. फ्लॅशचा उजेड मऊ करणारी छत्री किंवा सॉफ्टबॉक्स लावला की एक-दोन स्टॉप जातात, तेव्हा चार फुटांपर्यंत जवळ आणा.

मागचं दृश्य धूसर हवं असेल तर दोन वाटा आहेत. एक हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरलाही फ्लॅश चालवण्याची सोय) : एफ ४, १/१६०० असं चालतं, पण फ्लॅशची ताकद दोन किंवा जास्त स्टॉपने घटते आणि सेल लवकर संपतात. दुसरी, तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सपुढे लावायची, उजेड कमी करणारी काच) : एफ ४, १/२००, आयएसओ १००. ऊन आणि फ्लॅश दोन्ही तितकेच कमी होतात, म्हणजे फ्लॅशला एफ ११ इतकाच जोर लागतो. शिकताना या दोन्हींपेक्षा आधी सांगितलेला साधा मार्ग, एफ ११, धरावा असं आमचं मत आहे. त्यात चूक झाली तर ती कुठे झाली ते लगेच कळतं.

पूर्ण ताकदीवर सलग पंधरा-वीस वेळा मारू नका. धुळ्याच्या मेमध्ये फ्लॅश आधीच तापलेला असतो, त्याला मधे सावलीत दोन-चार मिनिटं द्या.

प्रश्न : लग्नात दुपारी एकला पंचवीस-तीस जणांचा गट उभा करावा लागतो. सावली तेवढी मोठी नसते. (एक वाचक, चाळीसगाव)

आधी मांडवाचं कापड पाहा. पांढरं असेल तर गटाला तिथेच, कडेजवळ घ्या. तो एक प्रचंड मोठा गाळणारा पडदाच आहे. लाल-पिवळा मांडव असेल तर आत काढू नका, तीस चेहरे नारिंगी होतील आणि कडेला पडलेल्या उन्हाच्या तिरिपीमुळे रंग दुरुस्तही करता येणार नाहीत.

मांडव नसेल तर वर चढा. धाब्यावर (घराच्या सपाट छतावर), जिन्यावर किंवा मजबूत घोडीवर उभे राहा आणि सगळ्यांना तुमच्याकडे वर पाहायला सांगा. चेहरे वर उचलले की डोक्यावरचं ऊन समोरून आल्यासारखं पडतं आणि डोळ्यांचे खड्डे भरतात. अडचण एकच, डोळे दिपतात. सगळ्यांना डोळे मिटायला सांगा, मोठ्याने एक-दोन-तीन म्हणा, तीनला उघडायचे, आणि त्याच क्षणी तीन-चार फोटो सलग. एकाच खेपेला सगळे डोळे उघडे मिळत नाहीत, म्हणून तीन खेपा करा. एफ ८, १/४००, आयएसओ १००, फोकस पहिल्या ओळीच्या किंचित मागे. वयस्कर माणसं आणि लहान मुलं अगदी शेवटी बोलवा. रांगा लावण्यात दहा मिनिटं जातात आणि ती त्यांनी उन्हात काढू नयेत.

प्रश्न : आजोबांचा पांढरं धोतर-टोपीतला फोटो शेतात काढला. एकदा चेहरा काळा आला, दुसऱ्यांदा टोपी जळाली. (एक वाचक, शिरपूर)

कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर जे दिसेल ते मध्यम करड्या उजेडाचं समजतं. आजोबा फ्रेममध्ये मोठे असले, पांढरं जास्त असलं, की ते सगळं गडद करतं आणि चेहरा काळवंडतो. दूरून घेतलं आणि काळी नांगरलेली जमीन जास्त आली की ते सगळं उजळतं आणि टोपी जाते. स्पॉट मीटरिंग (फक्त छोट्या भागाचा उजेड मोजण्याची सोय) लावून गालावर माप घ्या, मग ते सेटिंग मॅन्युअलमध्ये पक्कं करा, म्हणजे फ्रेम बदलली तरी चेहरा बदलणार नाही. प्लेबॅकमध्ये (काढलेला फोटो पाहताना) जळलेला भाग लुकलुकून दाखवण्याची सोय चालू करा. टोपीवर लुकलुक दिसली तर शटर एक-एक टप्पा वेगवान करा, ती कपड्याच्या घडीपुरती राहिली की पुरे. टोपी थोडी मागे सरकवायला सांगा. कपाळ मोकळं झालं की डोळ्यांपर्यंत उजेड पोचायला वाट मिळते. आणि आजोबांना बांधावरच्या झाडाच्या सावलीत बसवून, गुडघ्यांवर धोतर पसरू द्या. उन्हाकडे तोंड करून बसले की ते पांढरं धोतरच खालून त्यांच्या चेहऱ्यावर उजेड टाकतं.